कागदी कपाचा सीन

ठाण्यातल्या बाळकुमला भोईरांच्या घरात त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मोबाइलकडं होतं. ट्रेलर येणार होता.

"किती वाजता दाखवतील गो?" कमळाबाईंनी नातीला पुन्हा विचारलं.

"आजी, टीव्हीवर नाही येणार. युट्युबवर. कधीही बघ."

"मंग आता लाव."

"अगं अजून टाकलाच नाहीये त्यांनी."

कल्पिता दहावीत. तिच्या शाळेत जूनपासून एका डॉक्युमेंटरीचं शूटिंग चालू होतं. दहावीच्या पोरांचं आयुष्य खरंखुरं कसं असतं, ते दाखवणारी फिल्म. डायरेक्टर ऋतिका मूळची डोंबिवलीची, तिशीतली, गळ्यात कायम हेडफोन. तिचा कॅमेरामन सर्वेश. सुरुवातीला पोरं कॅमेरा दिसला की केस सारखे करायची. मग सवय झाली. फळा असतो तसा कॅमेरा पण वर्गात असायचा.

भोईरांना या सगळ्याचं भारी कौतुक. कल्पिताचे पणजोबा मिठागरात राबलेले, आजोबांनी भात लावला. बाप हितेश आता त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. पाण्याचे टँकर आहेत त्याचे. गावात त्याच्या शब्दाला वजन आहे.

कल्पिताची आई डबा भरत होती. ओट्यावर स्टीलचे पेले उपडे घातलेले. फ्रिजवर कागदी कपांची लांब नळी, प्लास्टिकच्या पिशवीतली. हे कप कोणासाठी, ते घरात कोणी कधी बोललं नव्हतं. कचरा न्यायला बाई आली, नळवाला आला, की कमळाबाईंचा हात आपोआप फ्रिजवर जायचा. लॉकडाऊनमध्ये हितेशनं 'हायजीन' हा शब्द घरात आणला. कप त्याच्या आधीपासून होते. शब्द नंतर कामाला आला.

"जाते," कल्पिता बोलली.

"जा बाय. फेमस होऊन ये," कमळाबाई हसल्या.

ट्रेलर मधल्या सुट्टीच्या आधीच आला.

शाळेत मोबाइलला बंदी. म्हणजे मोबाइल दप्तराच्या आतल्या कप्प्यात. सुट्टी झाली तेव्हा अख्ख्या दहावीनं ट्रेलर बघितलेला. आधी पहिला नंबर काढणारी मुलगी रडताना. मग मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना बदडताना. मग गिटार सुरू. कल्पिता मान वळवून हसते. कट. सिद्धेश अहिरे हळूच वर बघतो आणि त्याचा चेहरा उजळतो. परत कल्पिता. परत सिद्धेश. आणि स्क्रीनवर अक्षरं येतात: 'पहिला नंबर, की पहिलं प्रेम?'

"ए वहिनी, डब्यात काय आणलंय भाऊसाठी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"गप रे," कल्पिता बोलली. "हा शनिवार आहे बघ ना, हाऊसचा लाल टीशर्ट आहे माझ्या अंगावर. आणि सिद्धेश युनिफॉर्ममध्ये. आम्ही दोघं एकाच दिवसाचे पण नाही त्यात."

"टीशर्ट बदलला म्हणून प्यार थोडी बदलतं."

सिद्धेश कळव्याला राहायचा. बाप बाबुराव गुजरातला कंपनीच्या साइटवर, आई रंभा शहर बसमध्ये कंडक्टर. पोरगं शांत, पण तोंडात जीभ होती.

"मी घड्याळ बघत होतो," तो बोलला. "बेल व्हायला आलेली. लावायचंच असेल तर घड्याळाशी लावा माझं लग्न."

सगळे हसले. कल्पिता पण. ती हसली आणि लगेच थांबली. आता तिचं हसणं पण कोणीतरी बघत होतं.

खरं सांगायचं तर झालेलं असं. शनिवारच्या प्रार्थनेला कुत्रं घुसलेलं, ते थेट मोठ्या बाईंच्या खुर्चीखाली जाऊन बसलं. कल्पिता त्याला हसत होती. सिद्धेशचा शॉट नंतरच्या आठवड्यातला. दोन्ही शॉट खरे. फक्त शेजारी शेजारी नव्हते.

ऋतिकाला हे माहीत होतं. तिनंच जोडले. ज्या कंपनीचं ॲप ही फिल्म दाखवणार होतं, तिथले लोक कॉलवर बोललेले, "सगळं छान आहे, पण टीनएजर्स आहेत, लव्ह अँगल कुठंय?" ऋतिकानं पाच-सहा महिन्यांचं फुटेज उपसलं. प्रेम कुठं सापडलं नाही. मग बनवलं. एवढ्याशा गोष्टीनं काय होणार, असं तिला वाटलं. दहावीतली पोरं, गोड दिसतायत. तिला एक गोष्ट सुचली नाही. कल्पिता भोईर बाळकुमची आगरी आहे आणि सिद्धेश अहिरे बौद्ध आहे, हे ट्रेलरमध्ये कुठं लिहिलेलं नसलं तरी बाळकुमला वाचता येतं.

शाळा सुटली तेव्हा गेटबाहेर कल्पिताचा मोठा भाऊ हर्षित बाईकवर बसलेला. बरोबर दोन मित्र.

"अहिरे तू ना?"

"हो."

"कळव्याला राहतोस. रोज खाडीपूल ओलांडतोस."

"बसनं. आईच्या पासवर."

"पूल लांब आहे," हर्षित एवढंच बोलला. मग त्यानं बाईक चालू केली आणि बहिणीला म्हणाला, "बस मागं."

घरी कोणी आरडाओरडा केला नाही. कल्पिताला त्याचीच भीती वाटली. हितेश सोफ्यावर बसून तीच क्लिप परत परत बघत होता. गावच्या ग्रुपवर फिरत फिरत त्याच्याकडंच आलेली. क्लिपखाली कोणीतरी हसण्याची चित्रं टाकलेली आणि लिहिलेलं, 'अभिनंदन दादा, मुंबईकर जावई.' दुसऱ्यानं खाली दुरुस्ती केलेली, 'कळवेकर.' तिसऱ्यानं जे लिहिलेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"पप्पा, ते एडिट केलंय."

"असेल."

"मग?"

"लोकांना कुठं माहितीये एडिट." त्यानं मोबाइल उपडा ठेवला. "उद्या दाखला काढतो. खडवलीला जा आत्याकडं. तिकडून परीक्षेचं काय ते बघू."

"माझी बोर्डाची परीक्षा आहे मार्चमध्ये."

"बघू म्हटलं ना."

खडवलीची सगुणाआत्या फोनवरच होती, स्पीकरवर. "इथला एक पोरगा बघितलाय हितेश, चांगलाय. हायवेला धाबा आहे त्यांचा. आत्ता नुसती सुपारी फोडून ठेवू. लग्न काय, नंतर."

कल्पिताला सोळावं लागलेलं. तिनं आईकडं बघितलं. आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, परत सुरू झालं.

"मम्मी?"

"जेवून घे," आई बोलली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या ऑफिसात सगळे जमले. हितेशच्या हातात दाखल्याचा अर्ज, सही करून. कमळाबाई हट्टानं आलेल्या, कल्पिताची आई त्यांना धरून. हर्षित दाराला टेकून उभा. रंभा ड्युटीवरून तशीच आलेली, खाकी कपड्यात, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी. सिद्धेश तिच्या शेजारी. ऋतिकानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. तिचे डोळे सुजलेले. ट्रेलर तिनं काढून टाकलेला, पण लोकांच्या मोबाइलमधून काढायला तिच्याकडं बटण नव्हतं.

"चूक माझी आहे," ती बोलली. "मुलांची काही नाही. हे ओरिजिनल फुटेज आहे, एकदा बघा."

तिनं लावलं. प्रार्थना, लाल टीशर्ट, कुत्रं. कुत्रं मोठ्या बाईंच्या खुर्चीखाली. कल्पिता तोंडावर हात धरून हसतेय. मग सिद्धेशचा शॉट. कॅमेरा बाजूला सरकतो, भिंतीवर घड्याळ, बेल होते, आख्खा वर्ग उठतो.

ऑफिसात जरा हवा आली. मोठ्या बाई हसल्या. हितेशनं पाठ खुर्चीला टेकली.

"च्यायला, कुत्र्यानं वाट लावली म्हणजे."

"मी बोलली ना," कमळाबाई डोळे पुसत बोलल्या. "आपली पोर तशी नाय."

हितेश रंभाकडं वळला. कालपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा होता. "ताई, तुमचा पोरगा पण चांगलाय. आमच्या मनात काही नाही."

रंभा हसली नाही. समोरची माणसं केवढ्या मोठ्या संकटातून सुटलीत, ते ती त्यांच्या तोंडावर बघत होती. आणि ते संकट म्हणजे तिचा मुलगा होता.

"मग दाखल्याचा विषय संपला, भोईर साहेब," मोठ्या बाई बोलल्या. त्या बाई वाईट नव्हत्या. भांडण मिटवायची घाई होती एवढंच. "लोकांचं म्हणाल, तर एक छोटा व्हिडिओ करू. कल्पिता सिद्धेशला राखी बांधेल, दोघं सांगतील, आम्ही बहीण-भाऊ आहोत. ऋतिका मॅडम टाकतील. विषय संपला."

"राखी? डिसेंबरात?" सिद्धेश पुटपुटला.

"तू गप बस. तिला ताई म्हणायचं."

"मॅडम, ती माझ्यापेक्षा लहान आहे."

"राखी नको," हितेश बोलला.

मोठ्या बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "राखीनं तोंडं बंद होतात लोकांची."

"नको. नुसतं बोलू दे. 'आमच्यात काही नाही.' बास तेवढं. राखीबिखी कशाला."

"अहो पण..."

"नको म्हटलं ना. घरात आवडणार नाही."

बाहेर पीटीच्या तासाची शिट्टी वाजली. रंभानं पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

"भोईर साहेब, प्रेम नको, ते मला पण पटतं. अभ्यासाचं वय आहे," ती सावकाश बोलली. "राखी का नको, तेवढं सांगाल?"

हितेश टेबलाकडं बघत राहिला. कमळाबाईंनी पदर सारखा केला. हर्षितनं मोबाइल काढला.

"मी सांगते," कल्पिता बोलली. "मी आधी सांगितलंय पण. ऋतिकाताई, ऑगस्टमधला माझा इंटरव्ह्यू लावा."

ऋतिका गोंधळली. "तो फिल्ममध्ये नाहीये, कल्पिता. तो आम्ही..."

"कापलाय. माहितीये. लावा."

"कल्पे, चल घरी," हितेश उठायला लागला.

"पप्पा, काल तुम्ही ट्रेलरच्या अकरा सेकंदांवर माझी शाळा बंद करत होतात. हे पण बघा ना मग."

हितेश खाली बसला. ऋतिकानं फोल्डर उघडला. त्या क्लिपच्या नावापुढं तिनंच टाकलेली नोंद सगळ्यांना दिसली: 'स्लो. डार्क. टीन फील नाही.' तिनं घाईनं क्लिक केलं.

स्क्रीनवर कल्पिता शाळेच्या जिन्यात बसलेली. मागून ऋतिकाचा आवाज येतो, 'शाळेतली कुठली गोष्ट कधी विसरणार नाहीस?' कल्पिता बोलायला लागते.

'काल आमचा प्रोजेक्ट होता. खाडीच्या पाण्यात मीठ किती ते मोजायचं. आमच्या ग्रुपचे चौघं माझ्या घरी आलेले. आजीनं विचारलं, आडनावं काय रे बालांनो. सगळ्यांनी सांगितली. मग चहा आला. तिघांना स्टीलच्या पेल्यातून. सिद्धेशला कागदी कपातून. कोणी काही बोललं नाही. मी पण नाही बोलले. त्यानं चहा प्यायला. मी कप टाकायला मागितला, तर बोलला, राहू दे, सॅम्पलला होईल. मग त्यानं खाडीचं पाणी त्याच कपात भरलं. दिवसभर मस्ती करत होता. पण जाताना आजीच्या पाया पडला नाही. बाकीचे पडले. ताई, हे फिल्ममध्ये दाखवाल ना? मला घरी बोलायला जमलं नाही, म्हणून इथं बोलले.'

क्लिप संपली. ऋतिकानं लॅपटॉपवरून हात काढून घेतला. पोरीनं त्या दिवशी तिच्यावर विश्वास टाकलेला. आणि तिनं काय ठेवलं? कुत्र्याला हसलेलं हसू.

रंभा मुलाकडं बघत होती. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय, आई. तू पण प्यायली असशील ना कुठं कुठं."

रंभानं मान फिरवली.

"ते हायजीनसाठी असतात कप," हितेश बोलला. "कोविडपासून. बाहेरनं कोणी आलं की..."

"काका," सिद्धेश बोलला, "आम्ही चौघं एकाच बसनं आलेलो."

मोठ्या बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. त्यांच्या कपाटात पण शिपायाचा कप वेगळा ठेवलेला होता, ते आत्ता त्यांना आठवलं.

"आमी कोनाला वाईट बोललो नाय," कमळाबाई हळू आवाजात बोलल्या. "पोराला चहा दिला, बिस्कुट दिलं."

"बोलला नाहीत, आजी," रंभा बोलली. "ते खरं आहे."

हितेशला आता इथून निघायचं होतं. "बरं, ते घरचं घरी बघू. कल्पे, कॅमेऱ्यासमोर एवढं बोल, आमच्यात काही नाही. दाखला राहू दे, शाळा चालू ठेव तुझी. मॅडम, करा चालू."

ऋतिका हलली नाही.

कल्पितानं हात मांडीखाली दाबून धरले. एक वाक्य बोलायचं होतं. वाक्य खरं होतं. ते बोललं की शाळा, मार्च, मैत्रिणी, सगळं परत मिळत होतं.

"मी नाही बोलणार."

"म्हणजे? आहे काय?"

"नाही पप्पा. काहीच नाही. तो माझा प्रोजेक्ट पार्टनर आहे."

"मग बोलायला काय झालं?"

"मी असं बोलले की तुम्ही सगळे खूश होणार. आत्ता झालात तसे. म्हणजे काही असतं, तर खडवली बरोबर होती. हर्षितदादानं त्याला पुलाची धमकी देणं बरोबर होतं. मला ते नाही बोलायचं. शाळा बंद करायची तर करा. मी खडवलीहून पण पत्र टाकीन मॅडमना, मला परीक्षेला बसायचंय म्हणून. आणि सुपारीचं आत्याला सांगा, मला आत्ता कुठं सोळावं लागलंय. चाइल्डलाइनचा नंबर शाळेच्या भिंतीवरच लिहिलाय."

एवढं बोलून ती रडायला लागली. आवाज न करता.

हितेशनं अर्ज बाईंच्या पुढं सरकवला. "मग द्या दाखला."

बाईंचा हात अर्जापर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या हातानं तो उचलला. कल्पिताच्या आईनं. कालपासून जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता तिनं. तिनं अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"ठेव ते तिथं," हितेश बोलला.

"घरी बोलू."

"मी सांगतोय ना..."

"माझी सातवीत सोडवली शाळा. बहिणीच्या नावावर कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून. बहिणीच्या, माझ्या पण नाही." तिनं पर्सची चेन ओढली. "घरी बोलू."

रंभा उठली. जाता जाता दारात थांबली, हर्षितपुढं. "काल पुलाचं बोललास ना, ते मी चौकीत सांगून आलेय. माझा मुलगा रोज त्याच पुलावरून येईल. माझ्या बसमध्ये कधी चढलास, तर तिकीट देईन मी तुला. सगळ्यांना देते तसंच."

हर्षित बाजूला झाला.

कल्पिता त्या दिवशी वर्गात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पण. हितेश घरात एवढंच बोलला, "दहावी होऊ दे. मग बघू." सगुणाआत्याचा फोन आला की त्यानं उचलणं बंद केलं. मन बदललं की नुसता पेच टाळला, ते त्याचं त्याला माहीत.

ऋतिकानं कंपनीला कळवलं की लव्ह अँगल नाही, कपाचा सीन आहे, आणि तो पहिला येणार. त्यांचं उत्तर आलं, विचार करून सांगतो. ते अजून विचार करतायत.

पण खरी गोष्ट तिथं घडली नाही. ती भोईरांच्या स्वयंपाकघरात घडतेय, आणि तिथं कॅमेरा नाही.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या सकाळी कमळाबाईंनी नातीपुढं चहाचा पेला ठेवला. कल्पिता उठली, फ्रिजवरून एक कागदी कप घेतला, पेल्यातला चहा त्यात ओतला आणि प्यायला लागली.

"ह्ये काय?"

"चहा."

"पेल्याला काय झालं?"

"काही नाही. हायजीन."

संध्याकाळी तेच. जेवताना पाणी तेच. कप धुऊन ठेवायची, परत घ्यायची. कागद मऊ पडायचा, बुडातून चहा पाझरायचा, टेबलावर गोल डाग. हितेश पहिल्या दिवशी चिडला, मग पेपरमागं तोंड लपवून बसायला लागला. एका रविवारी पाहुणे आलेले, गावातले मानाचे. त्यांच्यापुढं स्टील, कल्पिताच्या हातात कागद. एकानं विचारलं, "पोरीचा कप वेगळा का?" तोच प्रश्न ऑगस्टमध्ये कोणी विचारला नव्हता.

कमळाबाईंनी कपांची नळी लपवून बघितली. कल्पितानं जुनाच कप वापरला, चिरलेला.

"गो टाक तो," कमळाबाई शेवटी बोलल्या. "मना बघवत नाय. आपल्या घरान, आपली पोर, आनी असल्या कपातनं पितं."

"चहा तोच आहे ना आजी? तूच केलास. मग कपानं काय होतं?"

कमळाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा पेला. काय होतं, ते त्यांना माहीत होतं. नातीच्या हातात तो कप बघून जिवाला जे होत होतं, तेच होतं. दुसऱ्याच्या पोराच्या हातात देताना ते कधी झालं नव्हतं.

प्रोजेक्टची शेवटची रीडिंग बाकी आहेत. त्यासाठी चौघांना एकदा भेटावं लागणार. सिद्धेशनं सांगितलंय, "माझ्या घरी या, कळव्याला. बाळकुमला मी येईन, पण आजीनं बोलावलं तर." कल्पितानं ते जसंच्या तसं आजीला सांगितलंय. आजीनं अजून हो पण म्हटलेलं नाही, नाही पण नाही. तोवर कल्पिता कागदी कपातून पितेय.

हे वाचून झालं की उठा आणि आपल्या स्वयंपाकघरात जा. फ्रिजवर बघा, कपाटाच्या वरच्या फळीवर बघा, सिंकच्या खाली बघा. एखादा वेगळा कप, कान तुटलेला, किंवा कागदी कपांची नळी सापडते का. सापडली, तर आजचा चहा त्यातून प्या. घरातल्यांच्या समोर प्या.